पाठ टेकायला जागा

गाद्यांच्या त्या मोठ्या दुकानात कित्येक वर्षं ज्या बाई उभ्या असायच्या, त्यांना सगळा भाग गादीताई म्हणून ओळखायचा. उभ्या असायच्या हे आपलं म्हणण्यापुरतं. त्यांचं खरं काम आडवं होण्याचं होतं. गिऱ्हाईक संकोची असतं. चार लोकांदेखत चप्पल काढून दुकानातल्या पलंगावर पडायला कोणी धजत नाही. म्हणून गादीताई आधी स्वतः पडून दाखवायच्या. हे असं कुशीवर व्हायचं, आता पाठीवर, आता बघा कंबर कुठे खाली जातेय का, असं सांगता सांगता त्यांचा आवाज जड व्हायचा, आणि गिऱ्हाईक कंबरेकडे बघत असतानाच त्या झोपून जायच्या. मालकांनी सुरुवातीला यावरून त्यांना बरंच ऐकवलं. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की गादीताई ज्या गादीवर घोरतात ती गादी हमखास खपते. मग त्यांनी ऐकवणं सोडून दिलं आणि रस्त्याच्या बाजूला काचेजवळचा पलंग गादीताईंना बहाल केला.

झोप त्यांच्या अंगातच होती. बसमध्ये उभ्या उभ्या लागायची, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून लागायची. लग्नाच्या एकाही फोटोत त्यांचे डोळे उघडे नाहीत. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचा. तो म्हणायचा की बायकोला चष्मा लागला नाही याचं कारण तिने डोळे फारसे वापरलेच नाहीत.

अशा या घरात तिसरं माणूस होतं ते नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पण धाकटी फक्त वयाने. बोलण्याचालण्यात घरातली वडीलधारी तीच. गादीताई तिला वन्सं म्हणायच्या. वन्संनी सगळी नोकरी एका इस्पितळात टेलिफोनवर काढली, तीही रात्रपाळीत. तिथल्या फोनचा बोर्ड तळघरात होता. तिथे बसून त्यांनी रात्री-अपरात्री कितीतरी घरांना बऱ्यावाईट बातम्या दिल्या. वन्सं निवृत्त झाल्या, पण त्यांची रात्र काही निवृत्त झाली नाही. सगळं घर झोपलं की त्या ताज्यातवान्या व्हायच्या. सकाळी चहाच्या वेळी त्या रात्रीचा वृत्तांत सांगायच्या: समोरच्या घरातला मुलगा किती उशिरा आला, कुत्री कोणत्या कोपऱ्यावर भांडली, दादाचं घोरणं मध्येच कुठे अडलं, आणि वहिनी झोपेत कुठल्याशा गिऱ्हाइकाला उशी फुकट देत होती.

गादीताईंना हे लागायचं. साऱ्या गावाला झोप विकायची आणि आपल्याच घरात एक माणूस रात्रभर येरझाऱ्या घालतंय, हा त्यांना धंद्याचा अपमान वाटायचा. त्यांनी वन्संसाठी एकामागून एक गाद्या आणल्या. काथ्याची वन्संना टोचली. कापसाची गोळे झालेली निघाली. फोमची गादी माणसाला गिळते म्हणून परत गेली. स्प्रिंगच्या गादीबद्दल वन्सं म्हणाल्या की ती बोलते. बोलते म्हणजे काय, असं गादीताईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "मी कूस बदलली की उलट उत्तर देते."

जवळच एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. झोप न लागणारे त्यांच्याकडे बरेच यायचे. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा एक गटच केला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दवाखान्याच्या बाकांवर ही मंडळी जमायची आणि आपापल्या जागरणाच्या कहाण्या सांगायची. त्यात एक कर सल्लागार होते, बँकेतली एक कॅशियर मुलगी होती, शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर होते, आणि एक जोडपं होतं, ज्यातला प्रत्येक जण आपल्या जागरणाचा दोष दुसऱ्याला द्यायचा. वन्संही जायच्या. या गटाला त्यांनीच नाव दिलं होतं, जागे मंडळ.

एक दिवस डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. मंडळाला दोन रात्री कुठेतरी बाहेर न्यायचं त्यांच्या मनात होतं. घड्याळ नाही, फोन नाही, त्याच त्या भिंती नाहीत. मोकळ्यावर तंबू ठोकायचे आणि बघायचं काय होतं ते. त्यासाठी गुंडाळून नेता येतील अशा पातळ गाद्या त्यांना हव्या होत्या. गाद्या आहेत, पण तंबू ठोकणार कुठे, असं गादीताईंनी विचारलं. तिथेच घोडं अडलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एवढं ऐकल्यावर गादीताईंना कसला दम निघतोय. जागा मी बघते, असं त्या बोलून बसल्या. झोपायची जागा पारखायला आपल्याइतकं लायक माणूस या गावात दुसरं नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सुट्टीच्या दिवशी एक पातळ गादी गुंडाळून काखोटीला मारली आणि त्या बसने निघाल्या. पहिली जागा एका तळ्याकाठी होती. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तिथे तंबूंची ओळच्या ओळ सुताने आखल्यासारखी लावली होती. दुसरी जागा डोंगरउतारावरच्या फळबागेत होती. गादीताईंनी दोन्हीकडे जमिनीवर गादी पसरली आणि पाठ टेकली. तळ्याकाठी त्या इतका वेळ हलल्या नाहीत की फौजी गृहस्थ घाबरून आरसा घेऊन आले आणि त्यांच्या नाकाशी धरून श्वास चालू आहे का ते बघू लागले. त्या जाग्या झाल्या तेव्हा समोर त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी अहवाल दिला. दोन्ही जागा उत्तम, झोप छान लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आसपास आवाज कसा आहे. गादीताई म्हणाल्या, "ऐकायला मी जागी कुठे होते?"

जागे मंडळ बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलं. कर सल्लागारांनी मुद्दा मांडला की जिला रस्त्याच्या मधोमधही झोप लागेल तिच्या शिफारशीला काही अर्थ नाही; जागेची पारख करायला न झोपणारंच माणूस हवं. ते सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यांच्या माना वन्संकडे वळल्या. वन्संकडे रिकामा वेळ होता, जुनी का होईना गाडी होती, आणि खोड काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

अशा रीतीने नणंद-भावजय एका सकाळी निघाल्या. वन्सं गाडी चालवणार आणि गादीताई शेजारी बसून रस्ता सांगणार, असं ठरलं होतं. गल्लीचं वळण यायच्या आत गादीताईंची मान खांद्यावर पडली. वन्संनी एकदा हाक मारली, मग एक सुस्कारा सोडला आणि विचारत विचारत तळं गाठलं.

तळ्याकाठी वन्सं गादीवर डोळे मिटून पडल्या आणि तिथूनच एकेक सांगत गेल्या. पाणी काठावर चपचप करतंय. तंबूची दोरी वाऱ्याने गुणगुणतेय. बेडूक आत्ता गप्प आहेत, पण आहेत. फौजी गृहस्थांनी बेडकांच्या बाबतीत आपण काही करू शकत नाही असं खेदाने सांगितलं. फळबाग तर पहिल्या फटक्यात बाद झाली. तिथे इतकी शांतता होती की वन्संना स्वतःच्या कानातली शिटी ऐकू यायला लागली, आणि मग लांब कुठेतरी एक फळ पडलं त्याने त्या दचकून उठून बसल्या. आता दुसरं कधी पडतंय याची वाट बघत रात्र काढायची का, असं त्यांनी बागेच्या मालकिणीला विचारलं.

परतीच्या वाटेवर वन्सं चिडलेल्या होत्या. गादीताई झोपलेल्या होत्या. त्यामुळे वळण चुकलं ते दोघींपैकी कोणालाच कळलं नाही. गाडी एका कालव्याच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागली आणि थोड्या वेळाने तिच्या तोंडातून वाफ यायला लागली. वन्संनी गाडी थांबवली. गादीताई जाग्या झाल्या आणि आलो का, असं विचारू लागल्या.

समोर एक पंपघर होतं. कालव्याचं पाणी उपसून वरच्या शेतांना द्यायचा मोठा पंप आत चालू होता. त्याचा आवाज असा होता की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. पंपघराशेजारी गवताचं एक सपाट मैदान आणि दोन-तीन झाडं होती. पंपवाला बाहेर आला, त्याने गाडीकडे बघितलं आणि खुणेनेच सांगितलं की इंजिन गार झाल्याशिवाय पाणी घालता येणार नाही. वन्संनी कपाळाला हात लावला. उभं राहून पाय दुखायला लागले तेव्हा त्या गादीताईंना म्हणाल्या, "ती गादी पसर. जरा पाठ टेकते. ही जागा बघायला नव्हे, नुसती पाठ टेकायला."

गादीताईंनी झाडाखाली गादी पसरली. वन्सं तिच्यावर पडल्या. आता आवाजाबद्दल काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून गादीताई पदर सावरून शेजारी बसल्या. बराच वेळ झाला तरी वन्सं काही बोलेनात. गादीताईंनी वाकून बघितलं. वन्संचं तोंड किंचित उघडं होतं, आणि आठ्यांशिवाय जो चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता त्याच्यावर एकही आठी नव्हती.

वन्संना झोप लागली होती.

आता हलायचं कसं? त्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायला सुरुवात केली. पंपवाला गाडी गार झाल्याचं सांगायला येत होता. गादीताईंनी दोन्ही हात पसरून त्याला लांबच अडवलं. पंपाच्या त्या धडधडाटात दोघं कुजबुजत बोलू लागली. अर्थात कोणाला काहीच ऐकू येईना, म्हणून दोघं जरा पलीकडे कालव्याच्या काठाशी गेली. गादीताईंनी त्याला सगळी हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ही बाई दिवसाढवळ्या अशी झोपलेली आपण बघितलेली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पंपवाल्याला त्यात नवल वाटलं नाही. आपल्या घरची माणसं पंप बंद झाला की जागी होतात, असं तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दोघांसाठी चहा टाकला.

ऊन सरकलं तशी झाडाची सावली गादीवरून निघाली. गादीताईंनी गाडीतली छत्री काढली आणि वन्संच्या तोंडावर धरून बसल्या. एका हाताला मुंग्या आल्या की दुसऱ्या हातात घ्यायच्या. एरवी एवढ्या वेळात त्यांची स्वतःची दोन वेळा झोप झाली असती. पण आज झोपलं तर छत्री पडणार. तेव्हा त्या बसून राहिल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट कळली, जी आयुष्यात कधी कळली नव्हती. वेळ किती लांब असतो. गवताकडे बघून झालं, कालव्याकडे बघून झालं, मुंगी कुठे चाललीय ते बघून झालं, तरी वेळ आपला तिथेच. मग डोक्यात नको नको ते यायला लागलं. आईच्या शेवटच्या आजारपणात आपण तिच्या उशाशी बसलो होतो आणि तिथेही आपल्याला झोप लागली होती, हे आठवलं. वर्षानुवर्षं आठवलं नव्हतं. वन्संच्या वाट्याला हे रोज रात्री येत असणार. सगळं घर झोपलेलं, बोलायला कोणी नाही, आणि मुंगीसुद्धा नाही. सकाळच्या चहाला ही बाई कुत्र्यांची भांडणं का सांगते, ते गादीताईंना तिथे छत्री धरून बसल्यावर समजलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला गेलं तर छत्री हलली असती, म्हणून राहू दिलं.

उन्हं कलली तेव्हा पंपवाला पुन्हा आला. पंप बंद करायची वेळ झाली होती. गादीताईंनी त्याला थोडा वेळ तसाच चालू ठेव म्हणून विनवलं. तो म्हणाला, "ताई, वरचा हौद भरलाय. आता सोडलं तर पाणी शेतात नाही, लोकांच्या घरात जाईल." तो आत गेला. धडधड मंद होत होत थांबली.

वन्संनी लगेच डोळे उघडले. "बंद का केला?" असं त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

गादीताईंना राहवलं नाही. झोप झाली का, असं त्या विचारून गेल्या. वन्सं ताडकन उठून बसल्या. कोण झोपलं होतं, डोळे मिटून विचार करत होते, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. त्यांच्या डाव्या गालावर गादीच्या शिवणीचा लांबलचक वळ उमटला होता. तो किती वेळ पडल्यावर उमटतो हे गादीताईंना धंद्यामुळे नेमकं माहीत होतं. पण त्यांनी तो वळ बघितला, छत्री मिटली आणि जाऊ दे म्हणून गाडीत बसल्या. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत त्या जाग्या राहिल्या आणि रस्ताही त्यांनीच सांगितला. तो दोनदा चुकला ही गोष्ट वेगळी.

खरी पंचाईत पुढे होती. मंडळाच्या बैठकीत जागांचा निकाल लागायचा होता. तळं आणि फळबाग वन्संनी बाद केलीच होती. गादीताईंनी चाचरत तिसऱ्या जागेचं नाव काढलं. मोठ्या पंपाशेजारी तंबू ठोकायचे हे ऐकून कर सल्लागारांनी कानांवर हात ठेवले. गादीताईंनी वन्संकडे बघितलं. वन्संनी तिथल्या खोडी सांगायला सुरुवात केली. आवाज आहे, धूळ आहे, संडास पंपघराच्या मागे लांब आहे, रस्ता कच्चा आहे. आपण तोंड उघडलं तर वन्संचं गुपित फुटेल, नाही उघडलं तर जागा जाईल. शेवटी सगळ्या खोडी संपल्या. वन्संनी पर्स मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाल्या, "पण जागा वाईट नाही."

डॉक्टरीणबाई वन्संना चांगल्या ओळखून होत्या. त्यांच्याकडच्या कुठल्याही गोळीबद्दल वन्सं इतकं चांगलं कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्याच संध्याकाळी पंपवाल्याला फोन लावला. मैदान त्याच्या मेहुण्याचं होतं आणि त्याची काही हरकत नव्हती. पंप एवीतेवी पेरणीच्या दिवसांत रात्रीही चालवावा लागतोच, तेव्हा या म्हणाला.

मंडळ गेलं. गाद्या सांभाळायला म्हणून गादीताईही गेल्या. तिथे सगळ्यांनाच झोप लागली असती तर गोष्ट छान झाली असती, पण तसं काही झालं नाही. कर सल्लागारांनी पहिली रात्र कानात बोळे घालून गाडीत काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने ते घरी गेले. बँकेतली मुलगी झोपली. खेळाच्या सरांनी सांगितलं की आपल्याला झोप लागली नाही, पण न लागल्याचं वाईटही वाटलं नाही, आणि पंपवाल्याशी गप्पा फार छान झाल्या. जोडप्यातली बायको झोपली, नवरा नाही; त्यावरून सकाळी त्यांचं जे वाजलं ते पंपापेक्षा मोठ्याने. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि यातून काही सिद्ध होत नाही असं म्हणाल्या, पण त्या खुशीत होत्या.

वन्सं दोन्ही सकाळी सगळ्यांत उशिरा तंबूतून बाहेर आल्या. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की रात्री डोळ्याला डोळा नाही. सगळ्यांनी अरेरे म्हटलं. पण जे जागे होते त्यांनी त्यांचं घोरणं पंपाच्याही वरताण ऐकलं होतं.

घरी परतल्यावर गादीताईंनी नवऱ्याला गाठलं आणि पहिल्यांदाच सविस्तर सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला की तिच्या इस्पितळाच्या तळघरात, फोनच्या बोर्डाशेजारच्या खोलीत, कपडे धुवायची मोठी यंत्रं होती. तिला डबा द्यायला तो जायचा तेव्हाही ती यंत्रं घरघरत असायची, रात्रभर चालायची. हे आधी का नाही सांगितलं, असं गादीताईंनी विचारलं. कोणी विचारलं नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडून एक जुना कूलर घेऊन आला. वारा तो नावालाच द्यायचा, पण आवाज असा की शेजारच्यांनी येऊन चौकशी केली. तो वन्संच्या खिडकीत बसवला.

वन्संना तो अजिबात आवडला नाही. त्या त्याला रोज नावं ठेवतात. काय तो घरघराट, हे काय घर आहे की कारखाना, दादाला अक्कल म्हणून नाही. हे सगळं त्या चहाच्या वेळी सांगतात, आणि त्यांची चहाची वेळ आता बरीच उशिरा झाली आहे. काही रात्री कूलर असूनही त्या जाग्या राहतात. त्या सकाळी रात्रीच्या वृत्तांतात कुत्री येतात, समोरचा मुलगा येतो. गादीताई तो सगळा ऐकतात, मध्ये मध्ये पुढे काय झालं असं विचारतात, आणि मग दुकानात उशिरा पोहोचतात. पोहोचल्या पोहोचल्या त्या काचेजवळच्या पलंगावर आडव्या होतात, आणि दुकान सुरू होतं.